फुटबॉलचे गुरू जॉर्ज रेनॉर

इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात, कोळशाच्या खाणींच्या मुलखात, हॉयलंड नावाचे एक लहान गाव आहे. तेथे १९०७ साली जॉर्ज रेनॉर यांचा जन्म झाला. ते अनेक वर्षे फुटबॉल खेळले. परंतु खेळाडू म्हणून त्यांना मोठी कीर्ती लाभली नाही. त्यांचे खरे सामर्थ्य दुसऱ्यांना शिकवण्यात होते. दुसऱ्या महायुद्धात सैन्याचे व्यायामशिक्षक म्हणून ते इराकमध्ये होते. तेथील तरुणांचा एक उत्तम संघ त्यांनी तयार केला. ही गोष्ट इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचे चिटणीस स्टॅन्ली राउस यांच्या कानी गेली. त्यांच्या शिफारशीवरून १९४६ साली रेनॉर स्वीडनच्या संघाचे प्रशिक्षक झाले.

दोनच वर्षांनी, लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत, स्वीडनने युगोस्लाव्हियाला ३-१ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. पण यशाच्या पाठोपाठ संकट आले. ग्रेन, नॉर्डाल व लीडहोल्म या तिन्ही नामवंत खेळाडूंना इटलीतील मिलान क्लबने भरपूर वेतन देऊन नेले. वेतन घेऊन खेळणाऱ्यास स्वीडनच्या संघात त्या काळी स्थान नव्हते. कष्टाने बांधलेले घर डोळ्यांदेखत मोडले! तरीही रेनॉर खचले नाहीत. त्यांनी नवे तरुण हेरले आणि पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ केला. १९५० साली ब्राझीलमधील विश्वचषक स्पर्धेत याच नव्या संघाने इटलीला ३-२ असे नमवले आणि तिसरा क्रमांक पटकावला.

१९५८ साली ही स्पर्धा स्वीडनमध्येच भरली. तोवर जुना नियम बदलला होता. ग्रेन व लीडहोल्म पुन्हा मायदेशाच्या संघात आले. रेनॉर यांनी स्वीडनला थेट अंतिम सामन्यापर्यंत नेले. तेथे मात्र सतरा वर्षांच्या पेलेच्या ब्राझीलने त्यांना ५-२ असे हरवले.

एवढा पराक्रम करून रेनॉर इंग्लंडला परतले. पण पिकते तेथे विकत नाही! एकाही मोठ्या क्लबने त्यांना बोलावले नाही. समुद्रकाठच्या स्केगनेस गावातील एका लहान संघाला ते शिकवू लागले. पोटासाठी त्यांनी गोदामातही काम केले. १९५९ साली स्वीडनने वेम्ब्लीच्या मैदानावर खुद्द इंग्लंडला ३-२ असे हरवले, तेव्हा त्या संघाचे मार्गदर्शक हेच रेनॉर होते.

१९८५ साली त्यांचे निधन झाले. मायदेशाने त्यांची योग्यता ओळखली नाही. पण मोडलेला संघ पुन्हा उभा करणारा हा शिक्षक स्वीडनच्या इतिहासात अमर झाला.