शपथेपेक्षा शब्द मोठा

मराठीतील ‘पत’ हा शब्द एकाच वेळी अब्रूचा आणि उधारीचा वाचक आहे. ज्याला पत आहे त्याला समाजात मान मिळतो व बाजारात मालही मिळतो. या दोन अर्थांचे नाते ज्याच्या चरित्रातून स्पष्ट व्हावे असा एक पुरुष सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये होऊन गेला. क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स हा तो पुरुष होय.

फॉक्सचा जन्म १६२४ साली लेस्टरशायरमधील एका खेड्यात विणकराच्या घरी झाला. सचोटीबद्दल बापाचा लौकिक होता. मुलाने जोडे तयार करणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारी केली. हा मालक लोकर व गुरांचाही व्यापार करी. त्याच्या वतीने देवघेव करताना जॉर्जने एकदा ‘खचित’ म्हटले की त्यापुढे बोलण्यात अर्थ नाही, हे गिऱ्हाइकांना ठाऊक झाले होते.

पुढे तो धर्मोपदेशक झाला. येशूने पर्वतावरील प्रवचनात शपथच वाहू नये, आपला होकार होकारच असावा व नकार नकारच असावा, असे सांगितले आहे. फॉक्सने ही आज्ञा अक्षरशः मानली. खरा ख्रिस्ती सदैव ईश्वरासमोरच उभा असतो. मग न्यायालयात तेवढी ईश्वराची साक्ष काढायची, याचा अर्थ एरवीच्या बोलण्याला खोटेपणाची सवलत द्यायची, असाच होतो. ही त्याच्या श्रद्धेची बैठक होती.

या श्रद्धेची कसोटी तुरुंगात लागली. १६५० साली धर्मनिंदेच्या आरोपावरून त्याला डर्बी येथे कोंडण्यात आले. हा कैदी पळून गेला तर बरेच, अशा हिशेबाने अधिकाऱ्यांनी त्याला मैलभर फिरण्याची मुभा दिली. फॉक्सने तो मैल कोठवर येतो हे दाखवून देण्यास सांगितले आणि तेवढ्याच हद्दीत तो फिरत राहिला. सुमारे वर्षभर तो कैदेत होता, पण पळाला नाही.

१६६० साली, दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर, राजाचा शत्रू म्हणून त्याला लँकेस्टरच्या किल्ल्यात टाकले. खटला लंडनला चालावयाचा होता. एवढ्या दूर पहारा धाडण्याचा खर्च अधिकाऱ्यांना नको होता. त्यांनी जामीन मागितला. आपण निर्दोष आहोत म्हणून फॉक्सने तो नाकारला. अखेर अमुक दिवशी हजर होईन, एवढ्या त्याच्या शब्दावर त्याला सोडण्यात आले. स्वतःवरील आरोपाचा कागद स्वतःच बरोबर घेऊन हा कैदी पहाऱ्याविना लंडनला गेला व न्यायाधीशांपुढे उभा राहिला. फिर्यादी मात्र आलाच नाही, आणि फॉक्स सुटला.

ज्याच्या नुसत्या शब्दावर तुरुंगाधिकाऱ्यांनी विसंबावे, त्याच्याकडेच सरकारने पुढे राजनिष्ठेची शपथ मागितली. सरकारची भीती अगदीच निराधार नव्हती. १६६१ साली लंडनमध्ये एका धर्मपंथाने सशस्त्र उठाव केला होता. परंतु बंड करणारा शपथही खोटी घेऊ शकतो, आणि खरा माणूसच तेवढा ती नाकारून अडकतो, हे सरकारच्या ध्यानी आले नाही. नकारापायी १६६४ पासून दोन वर्षांहून अधिक काळ फॉक्सने लँकेस्टर व स्कारबरो येथे कैद भोगली. पुढे त्याची पत्नी झालेली मार्गारेट फेल हिलाही त्याच कारणास्तव चार वर्षे तुरुंगात काढावी लागली. १६७३ साली त्याला पुन्हा अटक झाली, तेव्हा राजाची क्षमा मिळत असतानाही त्याने ती घेतली नाही. क्षमा घेणे म्हणजे न केलेल्या गुन्ह्याची कबुली देणे ठरले असते. १६७५ साली आरोपपत्रातील चुकांमुळे तो सुटला, आणि १६९१ मध्ये लंडनला वारला.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या कथेचा पुढील भाग अधिक उद्बोधक वाटेल. घासाघीस म्हणजे खोटे बोलणेच, असे मानून क्वेकर दुकानदार एकच भाव सांगत. प्रारंभी गिऱ्हाइके तुटली. नंतर लोकांच्या लक्षात आले की या दुकानात लहान मूल पाठविले तरी ते फसत नाही, आणि धंदा वाढला. दिवाळे काढणाऱ्या सभासदाला पंथातून दूर करण्याची रीत पुढे पडली. ज्यांचा शब्द पक्का त्यांच्याकडे लोक पैसा ठेवू लागले, यात नवल ते काय? बार्कलेज बँकेचे मूळ १६९० च्या सुमारास दोन क्वेकर सोनारांनी चालविलेल्या पेढीत आहे. १७६५ साली निघालेल्या लॉइड्स बँकेच्या संस्थापकांतही एक क्वेकर होता.

कायद्यालाही नमावे लागले. १६९६ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने क्वेकरांना शपथेऐवजी प्रतिज्ञेची मोकळीक दिली. आपल्या राज्यघटनेत व १९६९ च्या शपथ कायद्यात शपथेबरोबर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञेचा जो पर्याय आहे, त्यामागे इंग्रजी कायद्याची हीच परंपरा आहे.

शब्दावरील विश्वास उडाला की समाजाला त्याची किंमत मोजावी लागते. मुद्रांक, जामीनदार, साक्षीदार, तारखा हा सारा अविश्वासाचा खर्च आहे. धनादेश न वटल्यास तुरुंगवासाची तरतूद आपल्याला १९८८ साली कायद्यात घालावी लागली. फॉक्सची धर्मश्रद्धा प्रत्येकास पटेलच असे नाही. तथापि फी, पगार, उधारी, भेटीची वेळ असल्या लहानसहान बाबतींत दिलेला शब्द कोणी न पाहता पाळणे, हे कोणत्याही धर्माच्या माणसाला शक्य आहे. आणि जेथे ते घडते तेथे मुद्रांकाची गरज आपोआपच कमी होते.