सेनापती बापट आणि मुळशीचे मावळे

पुण्यातल्या सेनापती बापट रस्त्यावरून रोज हजारो माणसे जातात. हे बापट कोणत्या सैन्याचे सेनापती होते, असे विचारले तर त्यांतले फार थोडे उत्तर देऊ शकतील. त्यांचे सैन्य म्हणजे मुळशी पेट्यातले भातशेती करणारे मावळे, आणि लढाई होती टाटांच्या धरणाविरुद्ध.

मी कुरवंड्याचा. लोणावळ्याच्या अंगाला, नागफणीच्या सुळक्याजवळचे आमचे गाव. १९११ साली लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी झाली. वळवण, शिरवता अशी धरणे उभी राहिली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. आमच्या भागात जमिनीची मोजणी सुरू झाली की अजूनही दोन गोष्टी कुजबुजीत विचारल्या जातात. पुढारी म्हणून आलेला माणूस कोणाचा? आणि बैठकीत काय ठरले ते गावाला कोण सांगणार? हे दोन्ही प्रश्न मुळशीत शंभर वर्षांपूर्वी उभे राहिले होते. म्हणूनच बापटांचे चरित्र मला नुसत्या देशभक्ताचे चरित्र वाटत नाही.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. डेक्कन कॉलेजात शिकून मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर ते एडिंबरोला गेले. तेथे इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केल्यामुळे शिष्यवृत्ती गेली. पुढे लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये सावरकरांचा सहवास लाभला, पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या मिळाली आणि १९०८ मध्ये ती घेऊन ते मायदेशी परतले. अलीपूर कटाच्या तपासात नाव आल्यामुळे चार वर्षे भूमिगत राहावे लागले. १९१२ मध्ये ते पकडले गेले, १९१५ मध्ये सुटले. हा सारा काळ गुप्ततेचा. कोण कोणाला भेटतो, पैसा कोठून येतो, हे कोणी विचारायचे नाही आणि कोणी सांगायचे नाही, असाच त्या कामाचा धर्म होता.

सुटल्यावर मात्र हा माणूस उघड्यावर आला. हातात झाडू घेऊन रस्ते झाडू लागला, मुंबईतील झाडूवाल्यांच्या संपात उभा राहिला. बापटांच्या आयुष्यातले हे वळण चरित्रकार दोन ओळींत उरकतात. मुळशीतले बापट समजून घ्यायला मला ते बॉम्बपेक्षाही महत्त्वाचे वाटते.

१९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली आणि मुळा-नीला नद्यांच्या संगमावर धरण घालण्याचे ठरले. शेतकऱ्यांना आधी न विचारता, न कळवता त्यांच्या शेतांत चाचणीचे चर खणले गेले. आंबेमोहोराची खाचरे पाण्याखाली जाणार, हे लोकांना समजले ते अशा रीतीने. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे १२०० मावळे कामावर जाऊन बसले आणि काम थांबले. विनायकराव भुस्कुटे, शि. म. परांजपे, शंकरराव देव अशी मंडळी या लढ्यात होती. कंपनीने सहा महिने काम थांबवण्याचे मान्य केले, पण वर्षअखेर ते पुन्हा सुरू झाले आणि बापट पुढे आले. सेनापती ही पदवी त्यांना या लढ्यातच मिळाली.

सरकारपक्षाचे म्हणणे असे, की मावळे अडाणी आहेत आणि पुण्याचे ब्राह्मण पुढारी त्यांना चिथावतात. हे म्हणणे सोयीचे होते, यात शंका नाही. बाहेरच्या माणसाची पहिली ढवळाढवळ तर विचारल्याशिवाय चर खणणाऱ्या कंपनीनेच केली होती! पण तेवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुळशीतील कितीतरी जमीन कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. कसणारा मावळा, सातबारावर नाव सावकाराचे. धरणाला दोघांचाही विरोध, म्हणून दोघे एकाच मांडवात बसले. मावळ्याला जमीन हवी होती. सावकाराला जमिनीची किंमत मिळाली तरी चालणार होते. हा फरक सभांतून मोकळेपणाने बोलला गेला असता तर कदाचित लढा आधीच फुटला असता. न बोलल्यामुळे तो उशिरा फुटला, एवढेच. मोबदल्याची रक्कम वाढू लागली तशी ती घेणारे वाढत गेले आणि कूळ म्हणून राबणारा मागे राहिला.

बापटही बाहेरचेच. पारनेरच्या माणसाचे मुळशीत एक खाचरही नव्हते. त्यामुळे मोबदल्याचा व्यवहार त्यांना शिवला नाही, पण त्यांची अडचणही तीच होती, कारण गमावण्यासारखे त्यांच्यापाशी स्वतःच्या देहाखेरीज काही नव्हते. त्यांनी शुद्ध सत्याग्रहाची कल्पना मांडली. शस्त्र उचलायचे झाले तरी ते लपून उचलायचे नाही. केलेले कृत्य आपल्या नावाने कबूल करायचे आणि शिक्षा भोगायची. गांधीजींच्या अहिंसेत हे बसणारे नव्हते आणि लढ्यातल्या अनेकांनाही ते रुचले नाही. मला स्वतःला त्यातला शस्त्राचा भाग पटत नाही. पण भूमिगत राहिलेल्या क्रांतिकारकाने गुप्तता टाकून दिली, हे मात्र लक्षात राहते.

एकामागून एक तुरुंगवास झाले. डिसेंबर १९२४ मध्ये बापट हातात तलवार आणि पिस्तूल घेऊन धरणाच्या कामाच्या रेल्वेरुळावर उभे राहिले. बरोबर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके साथीदार होते. तीन वर्षांपूर्वीचे १२०० मावळे तेथे नव्हते. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले तेव्हा सेनापती तुरुंगात होते. १९३१ मध्ये ते सुटून आले.

पुढे ते महाराष्ट्रात फॉरवर्ड ब्लॉकचे अध्यक्ष झाले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात त्यांच्या हस्ते तिरंगा फडकला. १९५५ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ते गोव्याच्या सत्याग्रहात गेले आणि नंतर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही उतरले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. मुळशीचे पाणी आजही सह्याद्रीवरून भिऱ्याला उतरते.