नारळाच्या बागेतून सुरू झालेली गोष्ट: आकाशातून शेत ओळखायला शिकवणारे पिशारोटी

सप्टेंबरमध्ये ढग हटले की वाशिम जिल्ह्याचा उपग्रह फोटो बघा. सोयाबीन हिरवं, तूर हिरवी, कारंज्याजवळच्या काळवीट अभयारण्यातलं गवतही हिरवं. मग पीक कुठलं आणि माळरान कुठलं, हे ठरवतात कसं? डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाची त्यात मोठी मदत होते. भारतात हे तंत्र रुजवलं प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी.

जन्म 10 फेब्रुवारी 1909, केरळातल्या कोल्लेंगोडचा. सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली संशोधन केलं, 1942 मध्ये हवामान खात्यात आले, पुढे अमेरिकेत पीएचडी झाली. पुण्याची आजची आयआयटीएम 1962 मध्ये सुरू झाली, तिचे पहिले संचालक तेच. 1967 मध्ये, 58 व्या वर्षी ते निवृत्त झाले. खरं काम तर त्यानंतर सुरू झालं!

विक्रम साराभाईंनी त्यांना अहमदाबादला बोलावून घेतलं. तेव्हा केरळात नारळावर 'रूट विल्ट' रोग पसरला होता आणि तो नजरेला दिसेपर्यंत उशीर झालेला असायचा. 1970 च्या सुमारास पिशारोटींच्या टीमने हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर बागांचे फोटो काढले. निरोगी पान अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं, म्हणून अशा फोटोत ते लालभडक दिसतं. आजारी पान फिकट पडतं. खालून धडधाकट वाटणारी झाडंही या फोटोंत पकडली गेली.

पुढे 1972 ते 1975 त्यांनी इस्रोच्या अहमदाबाद केंद्रात दूरसंवेदनाचं काम सांभाळलं. 17 मार्च 1988 ला आयआरएस-1ए हा भारताचा उपग्रह गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा एक ठिपका 72.5 मीटरचा, म्हणजे जवळपास सव्वा एकराचा. दोन एकरवाल्याचं शेत त्यात हरवणारच. आज युरोपच्या सेंटिनेल-2 चा ठिपका 10 मीटरचा आहे, म्हणजे साधारण एक गुंठा.

तरी एका फोटोवर भागत नाही. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, तूर उभी राहते, गवत वाळतं. हा बदल महिनोन् महिने टिपला की प्रत्येकाची ओळख पटते. मग माळरान सलग उरलंय की शेतांनी त्याचे तुकडे पडलेत, हेही मोजता येतं. काळविटाला फरक पडतो तो याचाच.

पिशारोटी 24 सप्टेंबर 2002 ला गेले. गंमत म्हणजे ज्या मान्सूनच्या अभ्यासात त्यांची निम्मी कारकीर्द गेली, त्याचेच ढग ऐन खरिपात कॅमेऱ्याच्या आड येतात. त्यांच्या आरपार बघायला आता रडार उपग्रह वापरतात.