शंवाकि : लाहोरचा विद्यार्थी, मराठीचा व्यंगचित्रकार

पंचतंत्रातील कोल्हा बोलतो, कावळा बोलतो, आणि माणसाला तोंडावर सांगता येऊ नये ते सहज सांगून जातो. आजीच्या गोष्टीतल्या चिऊकाऊंनीही तेच केले. काऊचे शेणाचे घर पावसात वाहून गेले आणि कोणालाही न दुखविता शहाणपण आमच्या पदरी पडले. विसाव्या शतकात हेच काम व्यंगचित्राने अंगावर घेतले. मराठी नियतकालिकांत ते रुजविणाऱ्यांत शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजेच सर्वांचे शंवाकि, हे अग्रणी होत. चंडीगढच्या मराठी माणसाला त्यांच्याविषयी आणखी एका कारणाने जिव्हाळा वाटावा.

शंकररावांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ रोजी सोलापूर येथे झाला. शालेय शिक्षण औंधास झाल्यावर चित्रकलेच्या ओढीने ते थेट पंजाबात, लाहोरला गेले. तेथे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या हाताखाली त्यांनी कुंचला धरला. पुढे वेदांचे भाष्यकार म्हणून विख्यात झालेले पंडितजी त्या काळी चित्रकार म्हणून तेथे व्यवसाय करीत होते. लाहोरनंतर शंकररावांनी मुंबईसही कलाशिक्षण घेतले.

इकडे त्यांचे काका लक्ष्मणराव यांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळ माळरानावर कारखाना उभारला होता. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी शेतकऱ्याची समजूत. ती केवळ तर्काने दूर होण्यासारखी नव्हती. जाहिरातीचे काम शंकररावांकडे आले आणि चित्रकाराची रेघ नांगराच्या मदतीस धावली.

१९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या वार्ता देणारे ते छोटेखानी पत्र पाहता पाहता महाराष्ट्राच्या घरोघरी वाचले जाणारे मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ त्यास येऊन मिळाले. संपादक शंकरराव स्वतः व्यंगचित्रे काढीत. भोळ्या समजुती, जुनाट रूढी, ढोंग यांवर त्यांचा रोख असे. परंतु त्या हास्यात डंखापेक्षा कळकळच अधिक. चित्रातील व्यक्तीला हसता हसता वाचक स्वतःलाच ओळखी, आणि खरा पालट तेथूनच सुरू होई. ‘शंवाकीय’ हे आत्मचरित्र मागे ठेवून १ जानेवारी १९७५ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

ज्या लाहोरने मराठीला हा चित्रकार घडवून दिला, ते १९४७ च्या फाळणीत पंजाबला अंतरले. त्या राजधानीची उणीव भरून काढण्यासाठीच आपले हे चंडीगढ वसविण्यात आले. एका परीने त्या ऋणाचा वारसा आपणांकडे चालत आला आहे.

आडरानातील एका वाडीतून निघालेले मासिक साऱ्या महाराष्ट्राला हसवू शकले, मग पुण्यामुंबईपासून दूर राहतो म्हणून आपण हताश का व्हावे? आमची नातवंडे मराठी समजतात. मात्र विनोद ती हिंदीत, पंजाबीत किंवा इंग्रजीतच करतात, ही खंत आम्हां सर्वांची आहे. मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यांच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी, चिऊकाऊंना त्यांच्या मनासारखे मराठीत बोलू द्यावे. ते अंक फार काळ चालले नाहीत तरी हरकत नाही. मुले एकदा मराठीत खळखळून हसली, की पुढचे अंक तीच मागतील.