दोन घड्याळांचा मेळ : क्रिस्तियान हायगेन्स

अमरावती-अकोल्याकडील जुन्या वाड्यांतून भिंतीवरचें लंबकाचें घड्याळ अद्यापि कोठें कोठें टिकटिकतांना आढळतें. त्याचा जनक क्रिस्तियान हायगेन्स. शनीचें कडें ओळखणारा ज्योतिषी म्हणून त्याची ख्याति आहे. आम्हांस मात्र त्याचा आजारपणांतील एक शोध अधिक मोलाचा वाटतो.

हायगेन्सचा जन्म हॉलंडांतील हेग शहरीं १६२९ सालीं झाला. वडील कवि व मुत्सद्दी होते. १६५६ सालीं त्यानें लंबकाचें घड्याळ सिद्ध केलें. पूर्वींचीं घड्याळें दिवसाकाठीं सुमारें पाव तास चुकत. हें कांहीं सेकंदच चुकूं लागलें. परंतु त्याचें खरें लक्ष समुद्राकडे होतें. बंदरची अचूक वेळ जवळ असल्याखेरीज खलाशांस भर समुद्रांत आपले रेखांश कळत नसत, आणि जहाजें खडकांवर फुटत. एक घड्याळ बंद पडल्यास दुसरें असावें, म्हणून तो त्यांची जोडी वापरी.

१६६५ च्या फेब्रुवारींत आजारामुळें तो खोलींत अडकून पडला. समोर अशींच दोन घड्याळें टांगलेलीं होतीं. दोन्ही लंबक एकाच ठेक्यांत, पण उलट दिशांस झुलत आहेत, असें त्याच्या ध्यानीं आलें. त्यानें मुद्दाम ठेका मोडला. अर्ध्या तासांत तो पुन्हा जुळला. प्रथम हवेचा संशय आला, म्हणून मध्यें फळी धरून पाहिली. फरक पडला नाहीं. घड्याळें दूर टांगलीं, तेव्हां मात्र मेळ सुटला. एकाचा अदृश्य हादरा समाईक आधारांतून दुसऱ्यास पोंचत होता!

हें त्यानें स्वतःच लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविलें. तेथें उलट शंका निघाली : इतक्याशा हादऱ्यानें ज्याची चाल बदलते, तें घड्याळ वादळांत कसें टिकणार? आपल्याच आशेवर पाणी पाडणारें सत्य त्यानें लपविलें नाहीं. रेखांशाचा प्रश्न सुटण्यापूर्वींच, १६९५ सालीं, तो वारला.

तोच मेळ आपल्या मेंदूंतही आहे. तेथील मज्जापेशी आपापल्या ठेक्यानें स्पंदतात व तंतूंनीं एकमेकींस जोडलेल्या असतात. भजनांतले टाळकरी शेजाऱ्याचें ऐकून हात सांवरतात, तसेंच हें. जपानच्या कुरामोतोनें १९७५ सालीं अशा समूहांचें गणित मांडलें. जोड दुबळी असतां ज्याची त्याची चाल निराळी. ती ठराविक मर्यादेपलीकडे बळावली कीं एक मोठा गट अकस्मात् एका ठेक्यावर येतो. हान्स बर्गरनें १९२९ सालीं प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या विद्युत्-लहरी कवटीबाहेरून टिपतां येतात, त्या असंख्य पेशी एकत्र स्पंदतात म्हणूनच. फेफऱ्याच्या झटक्यांत हा मेळ अतोनात वाढतो, आणि मग तो जुळवावा कसा यापेक्षां मोडावा कसा, ह्याचीच वैद्यांस चिंता पडते.