समतेचे यात्रिक : मार्टिन ल्यूथर किंग

अमेरिकेतील गुलामगिरीची प्रथा १८६५ साली कायद्याने बंद झाली. परंतु गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना समान नागरिक म्हणून मान्यता मिळवण्यासाठी त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे झगडावे लागले. दक्षिणेकडील राज्यांत शाळा, उपाहारगृहे, पाणी पिण्याचे नळ, एवढेच नव्हे तर दफनभूमीदेखील गोऱ्यांसाठी व काळ्यांसाठी वेगवेगळ्या असत. वर्णभेदाच्या या भिंती शस्त्र न उचलता पाडण्याचे कार्य ज्यांनी अंगीकारले, त्यांत मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव अग्रभागी आहे.

किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात झाला. त्यांचे वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. लहानपणी शेजारच्या एका गोऱ्या दुकानदाराचा मुलगा त्यांचा खेळगडी होता. दोघे सहा वर्षांचे झाले आणि वेगवेगळ्या शाळांत जाऊ लागले. मग त्या मुलाला वडिलांनी किंग यांच्याशी खेळण्यास मनाई केली. या आघाताने छोट्या मार्टिनच्या मनात सर्व गोऱ्या लोकांविषयी द्वेष निर्माण झाला. द्वेष न करता प्रेम करावे, ही आपल्या धर्माची शिकवण असल्याचे आईवडील समजावीत. परंतु जे आपला तिरस्कार करतात, त्यांच्यावर प्रेम करायचे तरी कसे, हा प्रश्न त्यांच्या मनात पुढे अनेक वर्षे घर करून राहिला.

किंग अत्यंत बुद्धिमान होते. वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांनी महाविद्यालयात प्रवेश घेतला. पुढे धर्मशास्त्राचे शिक्षण घेत असताना, भारतातून परतलेल्या एका विद्वानाचे महात्मा गांधींवरील व्याख्यान त्यांनी ऐकले आणि गांधीजींविषयीची पुस्तके मिळवून वाचली. प्रेम ही केवळ दोन व्यक्तींमधील भावना नसून अन्यायाविरुद्ध लढण्याची ती सामुदायिक शक्ती होऊ शकते, हे सत्याग्रहाच्या अभ्यासातून त्यांना उमगले. १९५३ साली कोरेटा स्कॉट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९५५ मध्ये बॉस्टन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट पदवी दिली.

त्याच वर्षी त्यांच्या विचारांची कसोटी लागली. तेव्हा ते अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात धर्मोपदेशक होते. तेथील बसमध्ये काळ्या प्रवाशांना मागे बसावे लागे आणि गोऱ्यांसाठी जागा सोडावी लागे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या महिलेने जागा सोडण्यास नकार दिला. त्यामुळे त्यांना अटक झाली. कृष्णवर्णीय समाजाने बसवर बहिष्कार पुकारला आणि त्याचे नेतृत्व सव्वीस वर्षांच्या किंग यांच्याकडे आले. घरकाम करणाऱ्या स्त्रिया, मजूर, वृद्ध माणसे रोज मैलोन्मैल पायी चालू लागली. ३० जानेवारी १९५६ च्या रात्री किंग यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. घरात कोरेटा व तान्ही मुलगी होती. सुदैवाने दोघी बचावल्या. संतप्त जमाव घरासमोर गोळा झाला. काहींच्या हाती शस्त्रे होती. किंग यांनी फुटलेल्या घराच्या दारात उभे राहून सर्वांना शस्त्रे बाजूला ठेवून शांतपणे घरी जाण्याची विनंती केली. त्या रात्री रक्तपात टळला. ३८१ दिवस चाललेला हा बहिष्कार सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने यशस्वी झाला.

१९५९ साली किंग पतिपत्नी सुमारे महिनाभर भारतात आले. राजघाटावर त्यांनी गांधीजींना आदरांजली वाहिली आणि मुंबईत मणिभवनात मुक्काम केला. केरळमधील एका शाळेत दलित विद्यार्थ्यांसमोर त्यांची ओळख अमेरिकेतील अस्पृश्य अशी करून देण्यात आली. ते ऐकून प्रथम त्यांना धक्का बसला. मात्र विचारांती ते वर्णन खरे असल्याची जाणीव झाली, असे त्यांनी पुढे एका प्रवचनात सांगितले.

१९६३ मध्ये बर्मिंगहॅम शहरातील शांततापूर्ण मोर्चांवर पोलिसांनी कुत्रे सोडले आणि पाण्याचे जोरदार फवारे मारले. ती दृश्ये पाहून अवघे राष्ट्र हादरले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाख लोक जमले. तेथे किंग यांनी समतेच्या स्वप्नाचे चित्र उभे केले. १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा संमत झाला. त्याच वर्षी त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. पुरस्काराची रक्कम त्यांनी चळवळीला दिली. तरीही दक्षिणेत साक्षरतेच्या कठोर चाचण्या लावून काळ्या नागरिकांना मतदानापासून दूर ठेवले जात होते. आधी शिक्षण नाकारायचे आणि मग अशिक्षित म्हणून मत नाकारायचे, असा हा दुहेरी अन्याय होता. १९६५ मध्ये सेल्मा ते माँटगोमेरी पदयात्रा निघाली आणि त्याच वर्षी मतदान हक्क कायदा झाला.

किंग यांचा मार्ग सर्वांनाच मान्य नव्हता. काही तरुणांना तो संथ वाटे. व्हिएतनाम युद्धाला त्यांनी उघड विरोध केला, तेव्हा अनेक जुने सहकारीही दुरावले. परंतु प्रेमाचा विचार त्यांनी सोडला नाही. दारिद्र्य आणि युद्ध हीसुद्धा विषमतेचीच रूपे आहेत, असे ते मानीत.

१९६८ मध्ये मेम्फिस शहरातील सुमारे १३०० सफाई कामगारांनी माणुसकीच्या वागणुकीसाठी संप पुकारला. त्यांना पाठिंबा देण्यास किंग तेथे गेले असता, ४ एप्रिल रोजी त्यांची गोळी घालून हत्या करण्यात आली. ते केवळ ३९ वर्षांचे होते. चारच दिवसांनी कोरेटा यांनी दुःख गिळून त्याच शहरात हजारोंच्या मूक मोर्चाचे नेतृत्व केले. त्याच महिन्यात कामगारांच्या संघटनेला मान्यता मिळाली व वेतनात वाढ झाली.

१९८६ पासून अमेरिकेत जानेवारीचा तिसरा सोमवार किंग यांच्या स्मरणार्थ राष्ट्रीय सुटी म्हणून पाळला जातो. द्वेष करणाऱ्यावर प्रेम कसे करावे, हा बालपणीचा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडवला. अन्यायापुढे मान न तुकवणे आणि अन्याय करणाऱ्याचेही माणूसपण न विसरणे, हेच त्यांचे उत्तर होते.