सांधेदुखीच्या गोळीचा धोका ओळखणारे कार्ल पॉल लिंक

हृदयात यांत्रिक कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. वय वाढते तसे त्याच रुग्णाचे गुडघे दुखू लागतात, अंगठ्याच्या मुळाशी सूज येते, सकाळी बोटे आखडतात. आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात सहज मिळणारी वेदनाशामक गोळी नेमकी त्याच्यासाठी वर्ज्य ठरते. रक्त पातळ ठेवणारे औषध आणि सांधेदुखीची गोळी या दोहोंचा रक्ताशी असलेला संबंध एकाच प्रयोगशाळेत, अवघ्या चार वर्षांच्या अंतराने उलगडला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ती प्रयोगशाळा अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कार्ल पॉल लिंक यांची होती.

लिंक यांचा जन्म ३१ जानेवारी १९०१ रोजी इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी झाला. वडील ल्युथरन पंथाचे धर्मोपदेशक होते आणि घरात दहा भावंडे. कार्ल यांचे सारे उच्च शिक्षण मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात झाले. विषय होता कृषी रसायनशास्त्र. १९२५ मध्ये पीएच.डी. मिळवल्यानंतर ते युरोपात गेले. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे त्यांनी शर्करांच्या रसायनशास्त्राचा अभ्यास केला, ऑस्ट्रियातील ग्राझ येथे फ्रिट्झ प्रेगल यांच्याकडे अत्यल्प पदार्थाचे विश्लेषण करण्याचे तंत्र शिकले आणि झुरिकला पॉल कारर यांच्या प्रयोगशाळेत काही काळ काम केले. याच मुक्कामात त्यांना क्षयाने गाठले. स्वित्झर्लंडमधील दावोसच्या थंड, कोरड्या हवेत विश्रांती घेऊन ते मायदेशी परतले. परंतु या रोगाने त्यांची पाठ पुढेही सोडली नाही.

मॅडिसनला परतल्यावर लिंक यांनी प्रथम हाती घेतलेल्या कामांपैकी एक कांद्यावरचे होते. रंगीत सालीच्या कांद्याला एक बुरशीजन्य रोग होत नाही, पांढऱ्या कांद्याला मात्र होतो, याचे कारण सालीतील रसायनांत असल्याचे त्यांनी वनस्पतिरोगतज्ज्ञ जे. सी. वॉकर यांच्यासह दाखवून दिले. शेतकऱ्याच्या अडचणीतून रसायनशास्त्राचा प्रश्न काढायचा, ही त्यांची पद्धत तेव्हापासूनच दिसते.

रक्ताच्या प्रश्नाकडे त्यांना खेचून आणले ते गुरांनी. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत आणि कॅनडात १९२० च्या दशकाच्या सुरुवातीस गुरांमध्ये एक चमत्कारिक आजार पसरला होता. शिंगे छाटणे किंवा खच्चीकरण अशा किरकोळ शस्त्रक्रियेनंतरही जनावराचे रक्त थांबत नसे. काही जनावरे तर जखमेवाचूनच आतल्या आत रक्तस्राव होऊन मरत. स्वीट क्लोव्हर ही मेथीशी जवळचे नाते असलेली चाऱ्याची वनस्पती. तिचा दमट हवेत बुरसटलेला चारा हे या आजाराचे मूळ असल्याचे कॅनडातील पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी १९२२ च्या सुमारास शोधून काढले. पुढे नॉर्थ डकोटातील ली रॉडरिक यांनी आजारी जनावरांच्या रक्तात प्रोथ्रोम्बिन हा गोठण्यास आवश्यक घटक कमी होतो, हे सिद्ध केले. उपाय दोनच होते. चारा बदलणे, आणि निरोगी जनावराचे ताजे रक्त देणे. चाऱ्यातील विष कोणते, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. मंदीच्या त्या वर्षांत बुरसला म्हणून चारा फेकून देणेही शेतकऱ्याला परवडत नव्हते.

फेब्रुवारी १९३३ मधील एका शनिवारी विस्कॉन्सिनमधील डीअर पार्क गावचा एड कार्लसन हा शेतकरी बर्फाच्या वादळातून सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास करून मॅडिसनला पोहोचला. सोबत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये भरलेले न गोठलेले रक्त आणि सुमारे ४५ किलो बुरसलेला चारा. त्याला गाठायचे होते राज्याच्या पशुवैद्यकाला. ते कार्यालय बंद असल्याने तो लिंक यांच्या इमारतीत शिरला. लिंक यांच्यापाशी तरी चारा बदलावा आणि रक्त द्यावे यापलीकडे सांगण्यासारखे काय होते? शेतकरी रिकाम्या हाताने वादळात परतला. कॅनमधील रक्त मात्र प्रयोगशाळेतच राहिले. लिंक यांचे सहायक युजेन शेफेल यांना त्या प्रसंगाने अतिशय अस्वस्थ केले. स्वीट क्लोव्हरचा रासायनिक अभ्यास लिंक यांनी काही आठवड्यांपूर्वीच हाती घेतला होता, तो कमी कडवट वाण तयार करण्याच्या दृष्टीने. त्या शनिवारनंतर त्याची दिशा बदलली.

पुढची सहा वर्षे चिकाटीची होती. चाऱ्यातून अर्क काढायचा, तो सशांना द्यायचा, सशाच्या रक्ताला गोठण्यास किती वेळ लागतो ते मोजायचे आणि ज्या भागात विष उतरले असेल तो भाग पुन्हा शुद्ध करायचा, हे चक्र अखंड चालले. जून १९३९ मध्ये हॅरोल्ड कॅम्पबेल या सहकाऱ्याने रात्रभराच्या कामानंतर पहाटे सूक्ष्मदर्शकाखाली त्या विषाचे स्फटिक पाहिले. १९४० मध्ये रेणूची रचना निश्चित झाली आणि चार्ल्स ह्युबनर यांनी तो कृत्रिमरीत्या तयारही केला. ताज्या कापलेल्या गवताला जो गोडसर वास येतो तो कुमारिन या द्रव्याचा. कुमारिन स्वतः रक्ताला काही करीत नाही. चारा बुरसला की बुरशी त्याचे रूपांतर करते आणि दोन रेणू जोडले जाऊन डायकुमारॉल तयार होते. गुरांचा काळ ठरलेले हे द्रव्य १९४१ पासून मेयो क्लिनिक आणि विस्कॉन्सिन येथील रुग्णालयांत रक्ताच्या गुठळ्या रोखण्यासाठी माणसांना दिले जाऊ लागले. त्याचा परिणाम व्हिटॅमिन के देऊन उलटवता येतो, असे लिंक यांच्या प्रयोगांत दिसले होते. काही डॉक्टरांचा त्यावर आरंभी विश्वास नव्हता. लिंक आपल्या मतावर ठाम राहिले आणि ते बरोबर ठरले.

डायकुमारॉलच्या रेणूची मोडतोड करताना प्रयोगशाळेत एक ओळखीचा पदार्थ हाती आला, सॅलिसिलिक आम्ल. हे ॲस्पिरिनचे मूळ द्रव्य. त्या काळात सांधे सुजवणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापावर आणि संधिवातावर सॅलिसिलेट हाच मुख्य उपचार होता आणि तो दिवसाला कित्येक ग्रॅम इतक्या मोठ्या मात्रेत दिला जाई. लिंक यांच्या मनात साधा प्रश्न आला. रक्त न गोठू देणाऱ्या द्रव्याच्या पोटातून जर सॅलिसिलिक आम्ल निघते, तर सॅलिसिलिक आम्ल स्वतः रक्ताचे काय करते? १९४३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. सॅलिसिलिक आम्लाने उंदरांच्या रक्तातील प्रोथ्रोम्बिन खरोखरच घटत होते. घरोघरी असलेली, निरुपद्रवी मानली गेलेली सांधेदुखीची गोळी रक्तस्रावाला कारण होऊ शकते, हे त्यातून पुढे आले.

या निष्कर्षाचा पुढचा प्रवास मोठा वळणावळणाचा आहे. कॅलिफोर्नियातील ग्लेनडेलचे डॉक्टर लॉरेन्स क्रेव्हन यांच्या पाहण्यात आले होते की, टॉन्सिल काढल्यानंतर ॲस्पिरिनयुक्त च्युइंगगम भरपूर चघळणाऱ्या रुग्णांना जास्त रक्तस्राव होतो. ज्या गोळीने रक्त वाहते तीच हृदयविकाराची गुठळी टाळील, असा त्यांनी तर्क केला आणि १९५० च्या सुमारास आपले अनुभव प्रसिद्ध केले. ॲस्पिरिनचा खरा मार्ग कळायला मात्र १९७१ उजाडले. ब्रिटनचे जॉन व्हेन यांनी दाखवले की, ही औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. वेदना कमी होते ती त्यामुळे, जठराचे आतील अस्तर दुबळे होते तेही त्यामुळे, आणि प्लेटलेट या रक्तकणिका एकमेकींना चिकटेनाशा होतात तेही त्याच यंत्रणेतून. व्हेन यांना १९८२ मध्ये नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. नेहमीच्या मात्रेत ॲस्पिरिन प्रामुख्याने प्लेटलेटवर काम करते, प्रोथ्रोम्बिनवर नव्हे. म्हणजे लिंक यांना सापडलेली वाट ही अनेक वाटांपैकी एक होती. धोका मात्र त्यांनी आधी ओळखला होता.

आजच्या रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. वॉरफेरिन किंवा आपल्याकडे बऱ्याच प्रमाणात दिले जाणारे असेनोकुमारॉल, दोन्ही लिंक यांच्या डायकुमारॉलच्याच कुळातील. ती यकृतात गोठण्याचे घटक तयार होऊ देत नाहीत. त्यावर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा नॅप्रॉक्सेन घेतले तर प्लेटलेटही निकामी होतात आणि जठरालाही इजा होते. दोन-तीन कुलपे एकाच वेळी उघडल्यासारखे हे आहे. ज्या रुग्णांच्या झडपा लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने खराब झाल्या, त्यांच्या बाबतीत तर दैवाचा खेळ विलक्षण. सांधे सुजवणाऱ्या आजारानेच त्यांना अशा औषधावर आणून बसवले की, पुढे सांधे दुखले तर नेहमीची गोळी चालत नाही.

वेदना सोसतच राहायचे, असा याचा अर्थ नव्हे. पॅरासिटामॉल हा डॉक्टरांचा पहिला पर्याय असतो; मात्र तेही दिवसामागून दिवस पूर्ण मात्रेत घेतल्यास पीटी-आयएनआर वाढू शकतो, म्हणून तपासणी लवकर करून घ्यावी लागते. अंगठ्याच्या सांध्यासाठी किंवा मनगटात नस दाबली गेल्यास आधारपट्टी, शेक, हाताचे व्यायाम यांनी बराच फरक पडतो. आयएनआर मर्यादेत असेल तर सांध्यात किंवा ट्रिगर फिंगरमध्ये स्टेरॉइडचे इंजेक्शन बहुधा गोळी न थांबवताही देता येते आणि हाताच्या कित्येक लहान शस्त्रक्रियाही होतात. तो निर्णय मात्र हृदयरोगतज्ज्ञ आणि अस्थिरोगतज्ज्ञ यांनी मिळून घ्यायचा असतो. सुईच्या भीतीने गोळी परस्पर बंद केली तर झडपेवर गुठळी बसण्याचा धोका रक्तस्रावाहून भयंकर ठरू शकतो. वरून चोळण्याचे बामही सर्वथा निरुपद्रवी नाहीत. त्यांपैकी अनेकांत मिथिल सॅलिसिलेट असते. ते कातडीतून रक्तात उतरते आणि भरपूर वापरल्यास आयएनआर वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ग्लुकोसामाइनच्या बाबतीतही अशा नोंदी आहेत. आणि वॉरफेरिन घेणाऱ्याचा सांधा एकाएकी फुगून ताठरला, तर ती संधिवाताची उसळी समजून घरी शेकत बसू नये; सांध्यात रक्त साचलेले असू शकते.

लिंक यांच्या चरित्रातील सर्वांत प्रसिद्ध प्रकरण मात्र यानंतरचे आहे. १९४५ मध्ये क्षयाने पुन्हा उचल खाल्ली आणि त्यांना कित्येक महिने मॅडिसनजवळच्या क्षयरोग रुग्णालयात पडून राहावे लागले. अंथरुणावर त्यांनी वाचायला घेतला तो उंदरांच्या निर्मूलनाचा इतिहास. डायकुमारॉल उंदरांवर फार सावकाश चालते, हे त्यांना माहीत होते. प्रयोगशाळेत त्याच कुळातील शंभराहून अधिक संयुगे तयार झाली होती. त्यांपैकी क्रमांक ४२ त्यांनी निवडले. तीव्र विष खाऊन एक उंदीर तडफडला की बाकीचे आमिषाकडे फिरकत नाहीत. या विषाने मात्र काही दिवसांनी, हळूहळू मरण येते आणि उंदरांना संशयच येत नाही. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिन ॲलम्नाय रिसर्च फाउंडेशनच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला वॉरफेरिन हे नाव मिळाले आणि १९४८ मध्ये ते बाजारात आले.

उंदराचे औषध माणसाला कोण देणार? उत्तर एका दुर्दैवी प्रसंगातून मिळाले. १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एका तरुणाने आत्महत्येच्या हेतूने अनेक दिवस हे विष खाल्ले. रुग्णालयात रक्त आणि व्हिटॅमिन के देताच तो पूर्ण बरा झाला. उतारा हाताशी असलेले, पोटातून घेता येणारे आणि डायकुमारॉलपेक्षा प्रभावी असे हे द्रव्य डॉक्टरांना मग आकर्षक वाटू लागले. १९५४ मध्ये माणसांसाठी त्याला मान्यता मिळाली. सप्टेंबर १९५५ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांच्यावरील उपचारात वॉरफेरिन वापरले गेले. त्यानंतर उंदराच्या औषधाचा बट्टा फारसा उरला नाही.

लिंक हे व्यक्ती म्हणूनही चारचौघांत उठून दिसणारे होते. लांब केस, मोठा बो-टाय, खांद्यावर झगा असा त्यांचा थाट असे. विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे सहसा पटले नाही. डाव्या विचारांच्या विद्यार्थी मंडळांना ज्या काळात प्राध्यापक सापडत नसत, त्या काळात लिंक यांनी त्यांचे पालकत्व उघडपणे स्वीकारले. विज्ञानातील मानसन्मान मात्र त्यांना भरपूर लाभले. १९४६ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली, पुढे लास्कर पुरस्कारही मिळाला. आपल्या शोधाची हकिगत त्यांनी १९५९ मध्ये एका दीर्घ लेखात सांगितली. कार्लसनचा तो शनिवार जगाला ठाऊक झाला तो मुख्यतः त्यामुळेच. २१ नोव्हेंबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. वॉरफेरिन व्हिटॅमिन केच्या पुनर्वापराचे चक्र कसे अडवते, हे त्याच दशकात त्यांच्याच विद्यापीठातील जॉन सटी आणि अन्य संशोधकांच्या कामातून स्पष्ट झाले.

२०१० नंतर डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबान, एपिक्साबान ही नवी औषधे सर्वत्र रुळली आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांच्या पुष्कळ रुग्णांची आयएनआर तपासणीतून सुटका झाली. वेदनाशामक गोळ्यांचे पथ्य मात्र त्यांनाही तितकेच पाळावे लागते. आणि धातूची यांत्रिक झडप बसवलेल्या रुग्णाला ही नवी औषधे चालत नाहीत. त्याच्यासाठी आजही कुमारिन कुळातील जुनी गोळीच आहे.